जुनी स्पोर्ट्स मोटार : ठेवावी कीं विकावी ?

मनुष्याच्या संग्रहीं असलेल्या वस्तूंचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. कांहीं वस्तु मालकाच्या उपयोगी पडतात. आणि कांहींच्या उपयोगी मालकालाच पडावें लागतें. जुनी स्पोर्ट्स मोटार ही या दुसऱ्या वर्गांतील. तिला पावसांत ठेवतां येत नाहीं, उन्हांत ठेवली तर टपाचें कापड विटतें, आणि नुसती झांकून ठेवली तर ती रुसते. तींत ऐसपैस अशीं दोनच माणसें बसतात. दोन लहान ट्रंका ठेवल्या कीं मागची जागा संपते. आणि असें असतांही ती विकण्याचा विचार निघाला कीं चांगल्या धडधाकट, व्यवहारी माणसांच्या घशांत आवंढा येतो. हें कां होतें आणि असें होत असतां शहाणपणाचा निर्णय कसा करावा, याचा विचार एखादी विशिष्ट मोटार डोळ्यांसमोर ठेवून केला तर तो हवेंत राहणार नाहीं.

ही मोटार इंग्लंडमधील एम.जी.बी. होय. एम.जी. हीं ऑक्सफर्ड शहरांतील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवाचीं आद्याक्षरें. विल्यम मॉरिस यांच्या मालकीच्या या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत मॉरिसच्या साध्यासुध्या मोटारींवर हलके व देखणे सांगाडे चढवून त्या विकावयास आरंभ केला, आणि १९२९ सालीं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गांवीं कारखाना थाटला. त्यांची अष्टकोनी मुद्रा पुढें जगभर ओळखीची झाली. एम.जी.बी. आली ती १९६२ सालच्या सप्टेंबरांत. १७९८ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, दोन कार्ब्युरेटर, वेग ताशीं शंभर मैलांच्या किंचित् वर, आणि उभ्या जागेवरून साठ मैलांचा वेग धरावयास सुमारें बारा सेकंद. आजची बाजारहाटाची साधी मोटारही तिला सहज मागें टाकील. १९६५ सालीं तिची पक्क्या छपराची जी.टी. ही बहीण निघाली. १९८० च्या ऑक्टोबरांत ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडेपर्यंत दोन्ही मिळून पांच लाखांहून अधिक मोटारी तेथून बाहेर पडल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेस गेल्या.

हे आंकडे येथें देण्याचें कारण असें कीं, निर्णयाचा अर्धा भाग त्यांतच आहे. ही मोटार राजेरजवाड्यांची नव्हे. ती मध्यम स्थितींतल्या तरुण माणसांनीं हप्त्याहप्त्यानें घेतलेली मोटार आहे, आणि ती दुर्मिळ नाहीं.

आतां तिच्या मालकाकडे पाहूं. समजा, एका गृहस्थानें १९७८ सालीं, पंचविशीच्या आगेमागे, एक सेकंडहँड एम.जी.बी. घेतली. विवाहानंतरचा पहिला प्रवास तींतून झाला. मूल झालें तेव्हां तिच्यावर चादर पडली आणि घरांत चार दारांची मोटार आली. मुलें मोठीं झाल्यावर चादर निघाली. मध्यंतरीं दोन घरें बदललीं, एक नोकरी सुटली, एक मित्र गेला. मोटार मात्र राहिली. आज तो सत्तरी ओलांडून गेला आहे. गेल्या उन्हाळ्यांत मोटार दोनदां बाहेर निघाली, आणि त्यांतील एकदां ती दुसऱ्या मोटारीला बांधून परत आणावी लागली. पत्नी स्पष्ट कांहीं बोलत नाहीं. पण गॅरेजांत जागा झाली तर कपडे धुण्याचें यंत्र तेथें हलवितां येईल असें ती वर्षांतून एकदां म्हणते. मुलगा शहरांत सदनिकेंत राहतो. तेथें सायकल ठेवावयाचीही पंचाईत. ठेवावी कीं विकावी ?

या गृहस्थाची पहिली अडचण अशी कीं, आपण काय विकावयास निघालों आहों हेंच त्याच्या मनांत स्पष्ट नाहीं. त्याच्या हिशेबीं तो आपलें पंचविसावें वर्ष विकीत असतो. विकत घेणारा मात्र नऊशें-साडेनऊशें किलो वजनाचा पत्रा, रबर व लोखंड विकत घेतो, आणि पंचविसाव्या वर्षाचे पैसे देण्याची त्याची मुळींच तयारी नसते. या दोन किमतींतील अंतर म्हणजेच सगळ्या मनस्तापाचें मूळ. येणारा प्रत्येक गिऱ्हाईक विकणाऱ्यास अपमान करणारा वाटतो तो यामुळेंच. म्हणून प्रथम आठवणींची मोटार आणि गॅरेजांतील मोटार या दोन वेगळ्या आहेत असें मानून गॅरेजांतील मोटारीची प्रकृति शांतपणें पाहिली पाहिजे.

ही प्रकृति पाहावयाची ती इंजिनाची नव्हे, पत्र्याची. बहुतेक लोक उलट करतात. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि मान डोलावतात. वस्तुतः या मोटारीचें इंजिन अगदीं साधें आहे. १९६४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या क्रँकला तीन बेअरिंगें असत, पुढें पांच झालीं. एवढा फरक सोडला तर कोणताही जाणता मिस्त्री तें उघडून पुन्हां बसवूं शकतो, आणि सर्व सुटे भाग आजही नवे मिळतात. इंग्लंडांत १९९९ सालाच्या अखेरीस शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. या जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठकी त्या शिशाच्या आधारानेंच झिजण्यापासून वांचत असत. परंतु सिलिंडर हेडमध्यें कठीण पोलादाच्या बैठकी बसविल्या कीं तो प्रश्न मिटतो. इंजिन म्हणजे दुरुस्त होणारें दुखणें. पत्र्याचा गंज मात्र क्षयासारखा आहे. तो बाहेर दिसूं लागतो तेव्हां आंत बरेंच कांहीं होऊन गेलेलें असतें.

याचें कारण मोटारीच्या रचनेंत आहे. एम.जी.बी.च्या आधींच्या बहुतेक एम.जी. मोटारींना खालीं पोलादाची वेगळी चौकट असे व तिच्यावर सांगाडा बसविलेला असे. एम.जी.बी.त चौकट काढून टाकून सांगाड्याच्या पत्र्यालाच सर्व भार उचलावयास लावलें. त्यामुळें मोटार आटोपशीर आणि घट्ट झाली. पण तिला पक्कें छप्पर नाहीं. छपराची मोटार म्हणजे झांकणासकट डबा. झांकण काढलेला डबा जसा हातांत पिळतो तशी बिनछपराची मोटार पिळूं पाहते. तें पिळणें थोपवितात त्या दारांखालून, पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे गेलेल्या पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या. इंग्रज कारागीर त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा एक पत्रा, आंतला एक, मध्यें एक पडदा आणि खालीं आणखी एक पन्हाळ, अशा थरांनीं ही पेटी झालेली असते. मोटारीचा कणा तो हाच, आणि चाकांनीं उडविलेलें पाणी नेमकें येथेंच येऊन सांचतें. त्यांतून इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून मीठ पसरतात. खारें पाणी, माती आणि अंधारी पोकळी. गंजाला याहून सुखाचें माहेर कोणतें?

बाहेरून रंग चकचकीत असतां पेटी आंतून पोखरलेली असूं शकते. कित्येकदां पूर्वींच्या मालकानें गंजलेला पत्रा न कापतां त्याच्यावरच नवा पत्रा चढवून वर रंग दिलेला असतो. चुना लावून ओल झांकण्याचाच हा प्रकार. याची परीक्षा मात्र घरगुती आहे. लोहचुंबक मऊ फडक्यांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें लुकण भरलेलें असेल तेथें तो धरत नाहीं. नंतर दाराच्या मागच्या कडेची फट नीट पाहून ठेवावी आणि मोटार एका बाजूनें जॅकवर उचलावी. फट वरच्या बाजूस मिटूं लागली, किंवा दार उघडावयास कां कूं करूं लागलें, तर कणा गेला असें समजावें. अशी मोटार रस्त्यावर आणणें धोक्याचें आहे. मग मालकाचें तिच्यावर किती का प्रेम असेना.

योग्य दुरुस्ती म्हणजे काय हेंही समजून घ्यावयास हवें. पुढच्या व मागच्या पंख्यांचा खालचा भाग कापावा लागतो, दाराच्या चौकटींत आडवे दांडे वेल्डिंग करून सांगाडा जागच्या जागीं धरून ठेवावा लागतो, आणि मगच एकेक थर काढून नवा घालावा लागतो. दांडे न लावतां घाई केली तर सांगाडा केसभर वांकतो आणि मग तीं दारें जन्मांत नीट लागत नाहींत. या कामांत पत्र्याची किंमत थोडी, मजुरीचे तास पुष्कळ. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें मूळचीं अवजारें व ठसे शोधून काढून १९८८ सालापासून एम.जी.बी.चे संपूर्ण नवे सांगाडे करावयास घेतले. बंद पडलेल्या मोटारीचें नवें शरीर मिळूं लागलें ही मोठी नवलाची गोष्ट झाली. परंतु अशा नुसत्या सांगाड्यालाच आज दहा हजार पौंडांहून अधिक पडतात. रंग, जोडणी, आंतील कातडें हें सारें वेगळें. इतकें करून उभ्या राहिलेल्या मोटारीला बाजारांत येणारी किंमत एकंदर खर्चाहून बहुधा कमीच असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इंग्लंडांत नाहीं. पण तिचा अनुभव तेथील गॅरेजांतून पुष्कळांनीं घेतला आहे.

पैशाच्या बाबतींत मालकांची बुद्धि दोन ठिकाणीं हटकून घसरते. पहिलें ठिकाण म्हणजे झालेला खर्च. चाळीस वर्षांत मोटारीवर किती घातले त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्या उपयोगी पडतात. परंतु ठेवावी कीं विकावी हें ठरवितांना त्यांची बेरीज करूं नये. ते पैसे मोटार ठेवली तरी परत येत नाहींत आणि विकली तरी येत नाहींत. ‘इतकें घातलें, आतां कशी सोडूं ?’ असें म्हणणारा गृहस्थ गेल्या खर्चाच्या नांवानें पुढच्या खर्चाला संमति देत असतो, एवढेंच.

दुसरें ठिकाण वर्तमानपत्रांतील बातम्यांचें. १९५५ सालीं मर्सिडीज कंपनीनें बनविलेल्या दोन विशेष मोटारींपैकीं एक २०२२ सालीं साडेतेरा कोटी युरोंस विकली गेली. फेरारी कंपनीची २५० जी.टी.ओ. ही मोटार २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलांवांत ४ कोटी ८० लाख डॉलरांच्या वर गेली. अशा बातम्या छापून आल्या कीं गॅरेजांत मोटार असलेला प्रत्येक जण रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब करूं लागतो. पण त्या मर्सिडीज जगांत दोनच आहेत, एम.जी.बी. पांच लाखांवर निघाल्या. कोहिनुराच्या किमतीवरून कोणी कांचेच्या मण्यांची किंमत ठरवीत नाहीं. शिवाय जुन्या मोटारींचा बाजार कधीं चढतो तसा उतरतोही. १९८९ सालच्या सुमारास तो असाच चढला होता. लोक कर्ज काढून मोटारी घेत होते. पुढच्या एक-दोन वर्षांत तो कोसळला, आणि हौसेच्या नांवाखालीं व्यापार करूं गेलेल्या कित्येकांच्या पदरीं ना हौस राहिली ना नफा. आणखीही एक गोष्ट आहे. जी मोटार आपल्या कुमारवयांत रस्त्यावर पाहिली तिचीच ओढ माणसाला उतारवयांत लागते, आणि तेव्हां हातीं पैसाही असतो. एम.जी.बी.ची अशी ओढ असलेली पिढी आतां सत्तरीकडे झुकली आहे. घेणारे कमी होत जाणार आणि विकणारे वाढत जाणार हें उघड आहे. तेव्हां ‘आणखी दहा वर्षें ठेवली तर भाव येईल’ या एकाच आशेनें मोटार ठेवूं नये. ठेवण्याला दुसरीं चांगलीं कारणें आहेत.

मोटारीच्या बाजूनेंही न्यायानें बोललें पाहिजे. इंग्लंडांत चाळीस वर्षांहून जुन्या मोटारीला वार्षिक रस्ता-कर माफ आहे. २०१८ सालच्या मे महिन्यापासून, मूळ घडणींत मोठा फेरफार केलेला नसेल तर, एम.ओ.टी. नांवाच्या सक्तीच्या वार्षिक तपासणींतूनही सूट आहे. खाजगी मोटार विकून नफा झालाच तर त्यावर भांडवली नफ्याचा करही बसत नाहीं. विमाही, मोटार थोडी चालविली जाते म्हणून, स्वस्तांत मिळतो. मात्र तो घेतांना मोटारीची किंमत विमा कंपनीबरोबर आधींच लेखी ठरवून घ्यावी. नाहीं तर अपघातानंतर कंपनी तिला केवळ एक जुनाट मोटार म्हणून मोजील. एम.जी. कार क्लब १९३० सालापासून चालूं आहे. त्याच्यासारख्या संस्थांतून सल्ला, सोबत आणि चहा तिन्ही मिळतात. जुनी मोटार बाळगण्याची हौसच करावयाची असेल तर एम.जी.बी.इतकी सोशिक मोटार क्वचित् सांपडेल.

यांतील तपासणीच्या सुटीविषयीं मात्र थोडें थांबावें. सूट ही तपासणीपासून आहे. मोटार सुस्थितींत ठेवण्याच्या जबाबदारीपासून नाहीं. डॉक्टराकडे जाण्याची सक्ती नसली म्हणून प्रकृति आपोआप चांगली राहत नाहीं. जो मालक सूट असतांही दरवर्षीं स्वखुषीनें मोटार तपासून घेतो त्याच्या हातीं ती ठेवावयास हरकत नाहीं. ज्याला सूट मिळाल्याचा आनंद झाला आणि त्या दिवसापासून जो मोटारीखालीं वांकून पाहिलेला नाहीं, त्याच्या निर्णयाला एवढी एक गोष्टही पुरी आहे.

वार्षिक खर्चाचा हिशेब पाटीवर मांडण्यासारखा आहे. समजा, विमा, गॅरेजचें भाडें, तेलपाणी, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला बाराशें पौंड लागले आणि मोटार वर्षांत तीन हजार मैल चालली. मैलाला चाळीस पेन्स पडले. बाराशें पौंडांत ती तीनशें मैलच चालली तर मैलाला चार पौंड. तीस मैल चालली तर चाळीस पौंड. विभाजक लहान होत गेला कीं भागाकार कसा फुगतो हें शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. हौसेला मोल नसतें हें खरें. परंतु हा आंकडा एकदां कागदावर लिहून पाहिला म्हणजे आपण मोटार चालविण्याची हौस करीत आहों कीं मोटार असल्याची, हें स्वच्छ कळतें.

आणि न चालविल्यानें मोटार टिकते ही समजूत साफ चुकीची आहे. ब्रेकमध्यें जें तेल असतें तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ती ओल ब्रेकच्या सिलिंडरांना आंतून गंजवते. टांकींतील पेट्रोल कांहीं महिन्यांत शिळें होऊन कार्ब्युरेटरांत चिकट साका धरतें. २०२१ च्या सप्टेंबरापासून इंग्लंडांतील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढतें आणि जुन्या रबरी नळ्या खातें. यास्तव नळ्या बदलाव्या लागतात, किंवा कमी इथेनॉलचें उंची पेट्रोल घ्यावें लागतें. टायर झिजले नाहींत तरी कडक होऊन भेगाळतात. त्यांच्या कडेवर चार आंकड्यांत कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत ते बनले हें छापलेलें असतें, तें वाचून पाहिल्यास पुष्कळ मालकांना धक्का बसेल. पुढच्या चाकांच्या किंगपिनांना दर तीन हजार मैलांनीं ग्रीस द्यावें असें या मोटारीच्या पुस्तकांत सांगितलें आहे. तीन हजार मैल होतच नाहींत म्हणून ग्रीसही दिलें जात नाहीं, आणि पिना उभ्या जागीं सुकतात. उभ्या मोटारीला खर्च नाहीं असें वाटतें तें तो एकदम पुढें येतो म्हणून.

मोटारीच्या प्रकृतीबरोबर मालकाची प्रकृतिही पाहावयास हवी. हा विषय नाजूक आहे, पण टाळतां येण्यासारखा नाहीं. एम.जी.बी.ची बैठक जमिनीजवळ. तींत बसणें म्हणजे पाटावर बसणें आणि उतरणें म्हणजे पाटावरून हातांचा आधार न घेतां उठणें. सुकाणूचें चाक फिरवावयास यंत्राचें साह्य नाहीं. ब्रेक आजच्या मानानें जोरानें दाबावे लागतात. चाकें अडकूं नयेत म्हणून आज जी योजना असते ती नाहीं. धक्क्याच्या वेळीं फुगणाऱ्या पिशव्या नाहींत. शेजारून जाणारा मालट्रक पाहावयाचा तर मान वर करावी लागते. गुडघे, खांदे आणि डोळे यांपैकीं दोहोंनीं तरी साथ दिली पाहिजे. ज्या गृहस्थास मोटारींतून उतरतांना वाटेनें जाणाऱ्याकडे हात मागावा लागतो, त्यानें रस्त्यावर पुढच्या मोटारीनें अचानक ब्रेक लावल्यास काय होईल याचा विचार घरीं बसून करावा. छपराची जी.टी. घेतल्यानें कांहींजण ही वेळ थोडी पुढें ढकलतात. पण तीही तितकीच बुटकी आहे.

पण सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो मालक बहुधा स्वतःस विचारीत नाहीं. आपल्या पश्चात् या मोटारीचें काय ? ‘मुलगा ठेवील’ असें म्हणून तो हा प्रश्न मिटवितो. मुलानें तसें कधीं म्हटलेलें असतेंच असें नाहीं. वडिलांना वाईट वाटूं नये म्हणून मुलगा गप्प राहतो आणि मुलाला हवी आहे म्हणून वडील मोटार ठेवतात. दोघेही एकमेकांसाठीं नको असलेलें ओझें वाहतात. मालक गेल्यावर तें ओझें त्याच्या पत्नीच्या गळ्यांत पडतें. दुःखाच्या त्या दिवसांत तिला विम्याचे, करांचे, घराचे कागद पाहावयाचे असतात. त्यांत हें एक न सुरूं होणारें यंत्र. त्याचा खरा भाव तिला ठाऊक नसतो, कागद कोठें आहेत तें माहीत नसतें, बॅटरी आसनांच्या मागें आहे हेंही पुष्कळदां माहीत नसतें. सहानुभूतीचे दोन शब्द बोलून पहिला जो कोणी येतो तो पडत्या भावानें मोटार घेऊन जातो. चाळीस वर्षें जी वस्तु जिवापाड जपली तिची वासलात अर्ध्या तासांत लागते, आणि ती लावण्याचें काम ज्या व्यक्तीनें ती हौस चाळीस वर्षें सोसली तिच्याच वांट्याला येतें. यासाठीं तरी हा प्रश्न घरांत तोंडानें बोलून घ्यावा. मुलाला सरळ विचारावें. त्यानें नको म्हटलें तर रागावूं नये. विकावयाचीच असेल तर मोटार चालती असतांना, आणि मालकालाही गिऱ्हाइकास शेजारीं बसवून एक फेरी मारतां येत असतांना विकावी. किंमतही तेव्हांच नीट येते.

आपल्याकडे या निर्णयाचा कांहीं भाग सरकारच करून टाकतें. मुंबईच्या श्रोत्यांना पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील ही मोटार; टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली, आणि तेथें ठेवावी कीं विकावी हा प्रश्नच उरला नाहीं. खाजगी मोटारीस पंधरा वर्षांनीं नोंदणी नवी करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपांतल्या मोटारींसाठीं मात्र २०२१ सालीं केंद्र सरकारनें वेगळा नियम केला. त्यांना ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो, पण रोजच्या वापराची परवानगी नसते. इथेनॉलचें प्रमाणही येथें आतां वीस टक्क्यांवर गेलें आहे, तेव्हां जुन्या रबरी नळ्यांविषयीं वर जें सांगितलें तें येथील मालकांना अधिकच लागूं आहे.

ठेवणें आणि विकणें यांच्या मधले कांहीं मार्गही आहेत, पण ते दिसतात तितके सोपे नाहींत. मोटार भाच्याला किंवा शेजाऱ्याच्या मुलाला ‘वापरावयास’ द्यावी असें कित्येकांना सुचतें. विमा कोणाच्या नांवें आणि मोडल्यास खर्च कोणाचा हें लिहून न ठेवल्यास अशा व्यवहारांत मोटार आणि नातें दोन्ही खिळखिळीं होतात. दोघां मित्रांनीं भागींत ठेवणें त्यांतल्या त्यांत बरें, जर त्यांतील एकाला मोटारीखालीं निजण्याचा आणि दुसऱ्याला पावत्या फाईल करण्याचा नाद असेल तर. संग्रहालयास देण्याची कल्पना गोड आहे. परंतु पांच लाखांतील एक मोटार संग्रहालयास नको असते.

वर ज्या गृहस्थाचें उदाहरण घेतलें त्यानें एक उन्हाळा मुदत घ्यावी हें उत्तम. त्या मुदतींत ब्रेक, नळ्या आणि टायर नवे करावेत. मोटार ठेवली तरी तो खर्च लागणारच आणि विकली तरी तो किमतींत उतरतो. नंतर दर आठवड्यास, निमित्त न शोधतां, ती बाहेर काढावी. सप्टेंबरांत मैलांचा आंकडा पाहावा. पांचशें-हजार मैल झाले असतील, आणि रविवारीं सकाळीं चादर काढतांना मन प्रसन्न होत असेल, तर मोटार ठेवावी आणि भावाची चौकशी करणें सोडून द्यावें. पन्नास मैलांवर आंकडा अडला असेल, दर रविवारीं कांहीं ना कांहीं कारण निघालें असेल, तर विकावी. विकतांना सर्वांत अधिक पैसे देणाराच पाहिला पाहिजे असें नाहीं. शंभर-दोनशें पौंड कमी देणारा पण मोटारीखालीं वांकून सिल पाहणारा तरुण मिळाल्यास तो पत्करावा. त्याला सर्व पावत्या, मूळचें पुस्तक आणि नोंदणीचे कागद क्रमानें लावून द्यावेत. थंडीच्या दिवशीं चोक किती ओढावा, तो केव्हां आंत ढकलावा, तिसरा गियर कोठें अडखळतो, टप मिटतांना कोणती बाजू आधीं दुमडावी, असल्या गोष्टी एका कागदावर लिहून तो कागद किल्ल्यांबरोबर द्यावा. छापलेल्या पुस्तकांत त्या नसतात.